परेड लाइन स्पोर्टिंग, अवसायनात

नावापुढे आता हा शब्द लावावा लागतो,
प्रत्येक पत्रावर, पाकिटावर, पावतीवर.
जसं माणसाच्या नावाआधी कैलासवासी.
फरक इतकाच, तिथे घेणेकरी
तेरावं होईतो थांबतात.

मी अवसायक साहेबांचा कारकून.
सदरला, क्लबच्याच खोलीत टेबल टाकून बसलोय.
मे महिना. कूलर नुसता गरम वारा फेकतो,
कारण त्यात पाणी भरणाऱ्या माणसाचाही
नऊ महिन्यांच्या पगाराचा दावा आहे,
आणि तो रांगेत उभा आहे.

इतवारीचे सोनकुसरे, जाळीवाले:
गोलाची जाळी, दोन नग.
"एक फाटली, मान्य.
पण ते आपल्याच पोरायच्या शॉटनं फाटली,
थे लिहून घ्या."
रकान्यात जागा नव्हती. समासात लिहिलं.

पार्बताबाई: मध्यंतराची संत्री, सात हंगाम.
बिल? बिल कायचं.
तिला मॅची पाठ आहेत.
कामठीवाल्यांशी बरोबरी झाली, त्या दिवशी चार डझन.
फायनलला सहा.
"आन हारले त्या दिवशी कोनी खाल्लेच नाही बाप्पा,
ते नोका धरू."
मी वजा केलं.
दाव्यातून स्वतःहून वजा करणारी
सबंध फायलीत ही एकच.

इक्रामुद्दीन आला गुडघा धरून,
ऑपरेशनचं बिल प्लास्टिकच्या पिशवीत.
साहेबांनी विचारलं, तुम्ही कर्मचारी की कंत्राटी?
तो म्हणाला, गोलकीपर.
साहेबांनी पेन खाली ठेवलं,
पुन्हा उचललं.

बँक आली नाही.
बँकेला यावं लागत नाही.
तिचं एक पाकीट आलं, जाडजूड,
त्यात बस, शील्ड, शिलाई मशीन, पाण्याची मोटर,
सगळ्यावर तिचा आधीच हात.

मैदान तर क्लबचं नव्हतंच, भाडेपट्टा होता.
गोलपोस्ट तेवढे आपले.
कबाडीवाला बोलावला.
ठेल्यावर मावेनात, म्हणून आडवा दांडा कापला मधोमध.
मी उन्हात उभा राहून वजन लिहिलं:
एकशे बारा किलो, रंगासकट.
त्या दांड्याला लागून परत आलेले बॉल
लिहायला सांगितले नव्हते.

शेवटच्या तारखेला, पाच वाजायला दहा कमी असताना
विल्फ्रेड मास्तर आले. रेल्वेतून रिटायर, ऐंशीच्या घरात.
मी फॉर्म पुढे केला. त्यांनी मागे सारला.
"घ्यायचं नाही. द्यायचं आहे.
एक्क्याण्णवची वर्गणी, अकरा महिन्यांची,
पाच रुपयांप्रमाणे पंचावन्न.
माझ्या भावाला टीममधून काढलं म्हणून
भांडून गेलो होतो.
भांडण माझं होतं. बाकी क्लबची."

यासाठी नमुना नाही.
गठ्ठा दोनदा चाळला: बँकेसाठी आहे,
कामगारांसाठी आहे, मालवाल्यांसाठी आहे,
इतरांसाठी म्हणूनही एक आहे.
सगळे मागणाऱ्यांचे.
साहेबांना फोन लावला. पलीकडे बराच वेळ
नुसता पंखा ऐकू आला. मग म्हणाले, जमा करून घ्या.

पावती घडी घालताना मास्तरांनी विचारलं,
हे कुणाला जातील?
आधी खर्चाला, म्हटलं. मग बँक, कामगार.
मग उरलं तर बाकीचे.
"म्हणजे संत्रेवालीपर्यंत पोचत नाहीत."
नाही.
ते थोडा वेळ बसले. पाणी मागितलं.
माठ जप्तीच्या यादीत होता,
तरी दिलं.

अहवाल गेल्या आठवड्यात गेला.
बिनतारण धनकोंना रुपयामागे दीड पैसा.
जमेच्या बाजूला, तळाशी, पंचावन्न रुपये,
त्यापुढे शेऱ्याचा रकाना रिकामा दिसत होता.
मी लिहिलं: भांडण मिटले.
साहेबांनी सही केली. शेरा खोडला नाही.
वाचलाच नसेल.